कुलपांची सात दशके

१९५४ साली परभणी हैदराबाद राज्यात होती. त्या वर्षी राज्याने घरभाडे आणि घर खाली करून घेणे यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. दोन वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण भाडेकरू-मालकाच्या भांडणाला कायदा हैदराबादचाच राहिला. मुंबईकडे १९४७ चा, विदर्भात १९४९ चा आदेश आणि आपल्याकडे हा. तिन्ही रद्द होऊन राज्यभर एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू व्हायला ३१ मार्च २००० उजाडला.

घरटंचाईच्या त्या काळात सरकारला रिकाम्या घराची फिकीर होती, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या अधिग्रहण कायद्याने घर रिकामे झाले की मालकाने ते कळवायचे, आणि सार्वजनिक गरजेसाठी सरकार ते ताब्यात घेऊ शके. विदर्भातही घर खाली झाल्याची खबर द्यावी लागे. पुढे या अधिकाराचा गैरवापर झाला. घेतलेली घरे वर्षानुवर्षे परत मिळेनात. अधिग्रहण कायमचे असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले ते योग्यच होते. पण ताबा सुटला तशी चिंताही सुटली. रिकाम्या घराबद्दल विचारणारे कोणी उरले नाही.

मालकांच्या मनात मात्र एक भीती मुरली: भाडेकरू एकदा बसला की उठत नाही. शहरी भारतात १९६१ मध्ये निम्म्याहून जास्त, ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती; २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. त्याच जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १.११ कोटी घरे रिकामी निघाली. महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास २० लाख, आणि एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख. ज्या राज्यात घरासाठी माणसे आयुष्यभर हप्ते फेडतात, तिथली ही संख्या आहे.

करांनी या कुलपांना आवर घालायचा, तर त्यांनी उलट पाठबळ दिले. घर ठरावीक काळ रिकामे राहिले तर घरपट्टीत सूट किंवा परतावा द्यायचा, ही आपल्या पालिका कायद्यांतली जुनी तरतूद. घर ओस असले तरी दारासमोरचा रस्ता आणि गटार पालिकेलाच सांभाळावे लागतात. सूट कशाबद्दल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आयकरात मात्र एक काटा होता. दुसरे घर रिकामे ठेवले तरी ते भाड्याने दिले असे मानून त्या गृहीत भाड्यावर कर लागे. रिकाम्या घरावरच्या कराच्या सर्वांत जवळची आपल्याकडची तरतूद तीच. २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने दुसरे घरही त्यातून सोडले, न विकलेल्या सदनिकांसाठी बिल्डरांची मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने दोन घरांसाठी उरलेल्या अटीही काढल्या. मला ही उलटी वाटचाल वाटते. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा रिकामी घरे बाजारात यावीत म्हणून मांडला गेला, आणि त्याच काळात दुसऱ्या घराला कुलूप लावून ठेवण्याची आयकरातली किंमत शून्यावर नेली गेली.

पुण्याची गोष्टही पाहा, कारण परभणीच्या कितीतरी घरांतली मुले तिथे नोकरीला आहेत. तिथे मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून घरपट्टीत ४० टक्के सवलत होती. मध्ये ती गेली आणि २०२३ मध्ये परत आली. पण घर भाड्याने दिले तर सवलत नाही. म्हणजे घर वापरात आणणारा मालकही रिकामे ठेवणाऱ्याच्याच दावणीला.

बाहेर हे प्रयोग झाले आहेत. फ्रान्सने १९९८ च्या कायद्याने निवडक शहरांत रिकाम्या घरांवर कर लावला. व्हँकूवरने २०१७ पासून घराच्या किमतीच्या १ टक्का कर आकारला, पुढे तो ३ टक्क्यांवर नेला, आणि तिथली नोंदलेली रिकामी घरे घटली.

पण व्हँकूवरचे नियम जसेच्या तसे परभणीत आणणे अन्याय होईल. गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या गावांत दिवाळीनंतर दारांना कुलपे लागतात, कारण घरची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, ती परतत नाहीत. त्या कुलपावर कर म्हणजे गरिबीवर कर. भावांच्या वाटणीचा दावा न्यायालयात पडून म्हणून बंद असलेला वाडा आणि मुलाकडे राहायला गेलेल्या वृद्धेचे घर हेही वेगळे. कर लागावा तो भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या सदनिकेवर, इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला विद्यार्थी खोली शोधत फिरत असताना.

परभणीला महापालिका २०११ मध्ये मिळाली. घरपट्टीच्या नोंदीत मालक, क्षेत्रफळ आणि वापर असतो; घर किती दिवस बंद आणि का, याची जागा करून घेणे तिच्या आवाक्यातले आहे. वीजमीटरचे आकडे पडताळणीला पुरेसे आहेत. सूट द्यायचीच तर अर्ज करून कारण सांगणाऱ्याला द्यावी. कारण न देणाऱ्याची घरपट्टी पहिल्या वर्षानंतर वाढवावी, आणि नोंदणीकृत करारावर घर भाड्याने देणाऱ्याची कमी करावी. भाडेकरूची भीती अकरा महिन्यांच्या करारानंतरही टिकली आहे. ती घालवायला कराइतकीच वेळेत निकाल देणाऱ्या भाडे न्यायालयांची गरज आहे.