नवीन सिम, जुन्या मालकाची वसुली

नवीन सिम घेतलं आणि दोनच दिवसांत ‘हप्ता कधी भरताय?’ असे फोन सुरू झाले. असं का होतं? बंद पडलेला मोबाइल नंबर भारतात 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. कर्ज देणाऱ्याच्या नोंदीत मात्र तो जुन्याच माणसाच्या नावावर राहतो. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या केविन ली आणि अरविंद नारायणन यांनी 2021 मध्ये अमेरिकेत नव्या ग्राहकांना मिळू शकणारे 259 नंबर तपासले. त्यातले 171 आधीच कुणाच्या तरी ऑनलाइन खात्यांना जोडलेले निघाले!

पण नंबरबरोबर कर्ज येत नाही. ते फेडायची जबाबदारी कर्जदाराची, सहकर्जदाराची आणि जामीनदाराची. वारसाची असली तरी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. त्यामुळे ‘थोडे तरी भरा’ म्हटलं तरी एक रुपयाही देऊ नका. ‘पडताळणी’साठी आधार, पॅन किंवा ओटीपी सांगू नका. एजंटचं आणि बँकेचं नाव विचारून घ्या. मग बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा: ‘हा नंबर आता माझा आहे, त्या खात्यातून काढा.’ सिम घेतल्याची तारीखही लिहा. 30 दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. धमकी आली तर रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा.