‘दुसरी’ ध्वनिमुद्रिका : एका मूल्यमापनाची चिकित्सा

मराठीतील ‘दुसरा’ हा शब्द दोन कामे करतो. ‘दुसरा धडा’ असे म्हटले म्हणजे तो क्रम सांगतो. ‘हा नको, दुसरा दाखवा’ असे दुकानदारास म्हटले म्हणजे तो भेद सांगतो. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून इंग्रजी समीक्षकाला ही संदिग्धता शब्दातून जाणवत नाही. अपेक्षेतून मात्र ती त्यालाही चुकत नाही. पहिल्या कृतीला मोठे यश लाभलेल्या कलावंताकडून रसिक एकाच वेळी दोन्ही अर्थांनी ‘दुसरी’ कृती मागत असतो. ती पहिलीच्या पाठोपाठ यावी आणि ती पहिलीहून निराळीही असावी. या दोन मागण्यांपैकी कोणती पुरी झाली नाही म्हणून आपण असमाधानी आहोत, हे मात्र तो सहसा सांगत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. उदाहरण आहे इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या ‘द स्टोन रोझेस’ या रॉक वृंदाचे, आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेकंड कमिंग’ या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे. नृत्यगृहांतील संगीताचा संस्कार झालेल्या रॉक वृंदांमध्ये या वृंदाचे नाव अग्रभागी घेतले जाते, आणि दुसऱ्या कृतीने केलेल्या अपेक्षाभंगाचे ठळक उदाहरण म्हणूनही याच ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. ही प्रथा कितपत साधार आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘ही ध्वनिमुद्रिका निराशाजनक आहे’ या वाक्याची रचना ‘ही ध्वनिमुद्रिका लांब आहे’ या वाक्यासारखीच दिसते. परंतु लांबी हा वस्तूचा धर्म आहे. निराशा हा नव्हे. निराशेला एक अनुभविता लागतो आणि त्याची एक पूर्वीची आशा लागते. ‘कोणाला?’ आणि ‘कशाच्या मानाने?’ ही दोन पदे त्या वाक्यात अध्याहृत असतात. ती प्रकट केल्याशिवाय वाक्याची सत्यासत्यता तपासताच येत नाही. विद्यार्थ्यांनी समीक्षेच्या भाषेचा अभ्यास करताना प्रथम ही अध्याहृत पदे भरून घ्यावीत. येथे ती भरू लागताच एक चमत्कारिक गोष्ट आढळते.

दुसरीची तुलना पहिलीशी होते, असे आपण गृहीत धरतो. स्टोन रोझेसची पहिली ध्वनिमुद्रिका, वृंदाचेच नाव धारण करणारी, १९८९ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. जॉन लेकी हे तिचे निर्माते. तिच्यातील अकरा गीते ऐकून पाहिली तर बहुतेकांत १९६० च्या दशकातील गिटारप्रधान, सुरेल गीतरचनेची छाया स्पष्ट दिसते. नृत्यसंगीताचा म्हणावा असा अंश तीत थोडा आहे. शेवटचे गीत ‘आय ॲम द रेझरेक्शन’ हे आठ मिनिटांहून अधिक चालते आणि त्याचा उत्तरार्ध शब्दांवाचून केवळ ठेक्याच्या जोरावर पुढे जातो. ‘डोन्ट स्टॉप’ हे गीत तर त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘वॉटरफॉल’ या गीताची ध्वनिफीत उलटी वाजवून आणि तीवर नवे शब्द बसवून तयार केलेले आहे. (उलट्या उच्चारांत शब्दांचा भास शोधून त्यावरून नवे शब्द रचावयाचे, हा प्रयोग ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांनी एकदा अवश्य ऐकावा.) परंतु या दोन-तीन जागा वगळल्या तर ही नृत्यप्रधान ध्वनिमुद्रिका नव्हे.

मग नृत्यसंगीताचा लौकिक आला कोठून? तो आला नोव्हेंबर १९८९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या ‘फूल्स गोल्ड’ या गीतावरून. जवळजवळ दहा मिनिटांचे हे गीत पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत नव्हतेच. ते ब्रिटिश विक्रीयादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि त्याच महिन्यात ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या एकाच भागात स्टोन रोझेस आणि त्याच परिसरातील ‘हॅपी मंडेज’ हे दोन्ही वृंद दिसले. मँचेस्टर म्हणजे गिटार आणि नृत्यगृह यांचा संगम, हे समीकरण तेथून रूढ झाले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ‘सेकंड कमिंग’बद्दल बोलताना समीक्षक जे सर्वनाम वापरीत होते, त्याचे पूर्वपद पहिली ध्वनिमुद्रिका नसून एक सुटे गीत होते.

या गीतात नृत्यसंगीताचे नेमके काय आहे, हे सांगण्यास आपली संगीतपरिभाषा इंग्रजीपेक्षा अधिक सोयीची आहे असे मला वाटते. आपण लय, ताल आणि ठेका यांत भेद करतो. रॉक संगीतात ताल हा गायनाचा आधार असतो; कडवे संपून धृपद आले की वादकही आपला जोर बदलतो. ‘फूल्स गोल्ड’मध्ये हा संबंध उलटला आहे. अमेरिकन फंक संगीताच्या एका जुन्या मुद्रणातील तालखंड घेऊन तो सतत फिरता ठेवलेला आहे, आणि रेनी या वादकाचे प्रत्यक्ष वादन त्यात मिसळलेले आहे. मॅनी याचा बास एकच आकृती पुन्हा पुन्हा घेतो. कडवी येतात आणि जातात, पण ठेका त्यांची दखल घेत नाही. जॉन स्क्वायर याची गिटार रागविस्तार करावा तशी पुढे न जाता ठेक्याच्या आतबाहेर करीत राहते, आणि इयन ब्राउनचा आवाज जवळजवळ कुजबुजीइतका खाली ठेवलेला आहे. गीताची प्रगती स्वरांच्या चढउतारावर नव्हे, तर थर चढविणे व उतरविणे यांवर होते. नृत्यगृहातील संगीताचे रचनातत्त्व हेच होय.

जुलै १९९० मध्ये वृंदाने ‘वन लव्ह’ हे गीत प्रसिद्ध केले. ते याच साच्यातील होते, विक्रीयादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले, आणि तरीही ते ‘फूल्स गोल्ड’च्या तोडीचे नाही असे मत बहुतेकांनी दिले. या घटनेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. क्रमाच्या अर्थाने ‘दुसरे’ असे जे हवे होते ते वृंदाने १९९० मध्येच देऊन पाहिले होते, आणि ते देताच ‘हे तर तेच झाले’ अशी तक्रार आली होती.

त्यानंतरचा काळ न्यायालयात गेला. पहिल्या मुद्रणसंस्थेशी असलेला करार अन्यायकारक असल्याचा निर्णय १९९१ मध्ये मिळाला, वृंदाने गेफन या अमेरिकन संस्थेशी नवा करार केला, आणि वेल्समधील रॉकफील्ड येथे मुद्रण दीर्घकाळ रेंगाळले. दोन ध्वनिमुद्रिकांत साडेपाच वर्षांचे अंतर पडले. १९९४ साली श्रोतृवर्ग बदलला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच शहरातील ‘ओएसिस’ वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका येऊन गाजली होती. वाट पाहण्याची ही लांबी हीदेखील निराशेचे एक कारण ठरली. पण ती ऐकणाऱ्याच्या आयुष्यातील लांबी आहे, कृतीतील नव्हे. शीर्षकानेही आगीत तेल ओतले. ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा निर्देश करणारे ते शब्द विनोदाने योजिले असले तरी विनोद करणाऱ्याने अपेक्षा आणखी उंचावून ठेवली. मराठीत ‘पुनरागमन’ म्हटले की क्रमवाचक ‘दुसरा’ नाहीसा होतो आणि सगळी गंमतच जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ‘ब्रेकिंग इन्टू हेवन’ हे पहिलेच गीत अकरा मिनिटांहून अधिक लांब आहे, आणि त्यातील पहिली चार मिनिटे गीत सुरूच होत नाही; पाण्याचे, रानाचे, दूरच्या ढोलांचे आवाज येत राहतात. त्यानंतर ‘ड्रायव्हिंग साउथ’पासून जड, ब्लूजवर आधारलेली गिटार अग्रभागी येते. लेड झेपेलिन या जुन्या वृंदाचे अनुकरण, असा जो आक्षेप तेव्हा घेतला गेला तो निराधार नाही. श्रेयनामावली पाहिली तर कारणही कळते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील गीते स्क्वायर आणि ब्राउन या दोघांच्या नावे आहेत. दुसरीतील बहुसंख्य गीते एकट्या स्क्वायरची आहेत. गिटारवादकाने रचलेल्या संगीतात गिटारने सर्वांची जागा व्यापावी, हे स्वाभाविक असले तरी इष्ट नव्हे. ब्राउनच्या मर्यादित आवाजाला या जड रचनेत उभे राहावयास जागा उरत नाही. माझ्या मते ध्वनिमुद्रिकेचा खरा दोष हा आहे. आणि तो पहिली ध्वनिमुद्रिका कधीच न ऐकलेल्या श्रोत्यालाही जाणवेल. जो दोष तुलनेवाचून सांगता येतो तोच कृतीचा दोष मानावा, बाकीचे श्रोत्याच्या खात्यावर टाकावेत, असे सामान्यतः म्हणता येईल.

हाच नियम गुणांनाही लागू करावयास हवा. ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ हे सुरेल आहे, पण ते पहिल्या ध्वनिमुद्रिकेची आठवण करून देते म्हणून ते वाखाणले जाते. म्हणजे तेही उसने घेतलेले गुण झाले. त्याउलट ‘डेब्रेक’ या गीताकडे पाहावे. ते चौघांच्याही नावे आहे, आणि ऐकताना ते का हे कळते. बास आणि तालवाद्ये एकमेकांना प्रश्नोत्तरे करीत पुढे सरकतात, गिटार त्यांच्यात येऊन बसते, नायक कोणीच नाही. ‘स्ट्रेट टू द मॅन’ हे एकट्या ब्राउनचे गीत किरकोळ आहे, परंतु तेही ठेक्यावरच उभे आहे.

आणि ‘बेगिंग यू’. नृत्यसंगीताचा धागा वृंदाने सोडून दिला, असे म्हणणाऱ्यांनी हे गीत ऐकले होते की नाही, असा प्रश्न पडतो. त्याची लय ‘फूल्स गोल्ड’हून कितीतरी द्रुत आहे. तालखंड असा घट्ट आणि कर्कश विणलेला आहे की एखादे यंत्र डोक्यावर घरघरत असल्याचा भास व्हावा. गिटारचा आवाज वाद्याचा म्हणून ओळखूच येत नाही. तोही एक फिरता तालखंड झाला आहे. ‘फूल्स गोल्ड’मध्ये रॉक वृंद नृत्यगृहात पाहुणा म्हणून गेला होता, येथे त्याने तेथील बांधकामपद्धतीच उचलली आहे. भेदाच्या अर्थाने ‘दुसरे’ आणि क्रमाच्या अर्थानेही ‘दुसरे’ असे हे एकच गीत या ध्वनिमुद्रिकेत आहे. १९९५ मध्ये ते स्वतंत्रपणे, इतर संयोजकांनी नव्याने मांडलेल्या आवृत्त्यांसह प्रसिद्ध झाले आणि विक्रीयादीत पंधराव्या क्रमांकाच्या पुढे गेले नाही. याउलट ‘लव्ह स्प्रेड्स’ हे सरळसरळ ब्लूज-रॉक गीत आधीच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. श्रोत्यांना नृत्यसंगीतच हवे होते, या गृहीताला हे आकडे फारसा आधार देत नाहीत.

रेनी १९९५ मध्ये वृंद सोडून गेला, स्क्वायर १९९६ मध्ये, आणि त्याच वर्षी वृंद विसर्जित झाला. त्यामुळे ‘बेगिंग यू’ नंतरची तिसरी पायरी कोणती असती हे पाहावयास मिळाले नाही. २०११ मध्ये वृंद पुन्हा एकत्र आला आणि पुढील वर्षी मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये त्याचे मोठे कार्यक्रम झाले. तिसरी ध्वनिमुद्रिका मात्र तेव्हाही निघाली नाही.