खांब राखा, भिंती बदला

मुरबाड-शहापूरच्या गावांत जुने घर उतरवताना आधी कौले खाली येतात, मग वासे, शेवटी खांब. सागवान टेम्पोत भरून मुंबईकडे, पुष्कळदा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जाते. जोत्यावर स्लॅब उभा राहतो. ‘जुन्या घरात आताचा संसार मावत नाही’, हे ठरलेले कारण. अशी घरे मोजत हिंडल्यावर आणि स्वतःचे घर एकदा बिघडवून पुन्हा सावरल्यावर मला ते पुरेसे वाटत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक लाकडी सांगाड्याच्या घरांत छपराचा भार भिंतींवर नसतो. आढ्याचे, वाशांचे वजन तुळयांवर, तेथून खांबांवर आणि खांबांखालच्या तळखड्यावर उतरते. मधली भिंत कारवीच्या कुडाची असो वा कच्च्या विटांची, ती निव्वळ आडोसा. म्हणून माजघर आणि बाळंतिणीची खोली एक करता येते, मुलांच्या अभ्यासासाठी पडवीचा कोपरा बंद करता येतो. खांब-तुळयांना मात्र हात लावू नये. बाहेरच्या जाड भिंतीवर वासे टेकलेले असतील, तर तीही पाडू नये.

खरा प्रश्न पाण्याचा. या पट्ट्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उघडीप मिळताच सोडते. हे न कळून मी ओटीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्या वर्षी ती बोटाने ठोकली की पोकळ वाजू लागली. गिलावा सोलला, तर आत चिखल आणि भिंतीत दडलेल्या खांबाचा पाय कुजलेला. फटीतून शिरलेले पाणी सिमेंटने आतच कोंडले होते. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, तरी सच्छिद्र राहतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. छपराला टेकू देऊन कुजका भाग कापला, जुन्याच सागाचा तुकडा सांधला आणि भिंतीला चुना केला.

धाकटा भाऊ तरीही घर पाडायचेच म्हणत होता. त्याचेही खरे होते. आई ऐंशीच्या पुढची. रात्री पावसात परसातल्या संडासाला जाणे तिच्या जिवावर येई. आम्ही मागच्या पडवीला लागून, वेगळ्या पायावर, पक्क्या विटांचे न्हाणीघर आणि संडास बांधला. दार माजघरातून ठेवले, उंबरा ठेवला नाही. नळ भिंतीबाहेरून उघडे नेले; गळती झाली तर लगेच दिसते.

छपरासाठी मंगळुरी कौलेच ठेवली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला त्यांचा कारखाना काढला, आणि खाचेत खाच बसणारे ते कौल कोकणभर पसरले. एक फुटले तर एकच बदलता येते. अंधाऱ्या माजघरावर चार काचेची कौले घातली. आता दिवसा दिवा लावावा लागत नाही.

घर पाडायचे ठरवण्याआधी प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. तो जिथे सहज आत जातो, तेवढाच भाग गेलेला असतो. आमच्या अकरा खांबांपैकी दोनच गेले होते. यंदाच्या पावसाळ्यात आई रात्री कुणाला न उठवता जाऊन येत होती. भावाने पुन्हा विषय काढलेला नाही.