सात रिंग्ज, तरी नो एन्ट्री!

रॉबर्ट हॉरी हे नाव ऐकलंय? या पठ्ठ्यानं तीन वेगवेगळ्या टीम्सकडून खेळताना एनबीएची तब्बल सात विजेतेपदं खिशात घातली. साक्षात मायकल जॉर्डनपेक्षा एक जास्त! तरीही बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये २०२५च्या यादीपर्यंत त्याचं नाव नाही. याउलट अॅलन आयव्हरसन. एनबीएचं एकही विजेतेपद नाही, पण स्वारी २०१६मध्ये थाटात आत!

हा कुठला न्याय, बॉस? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. त्यामुळे निवडीचा फंडा जरा खोदून पाहिला.

एक लक्षात घ्या. हा हॉल एनबीएचा नाही, बास्केटबॉलचा आहे. १८९१मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. त्याच गावात, त्याच्याच नावानं हा हॉल आहे. पहिला सन्मान झाला १९५९मध्ये. इथे कॉलेज, ऑलिम्पिक, परदेशी लीग, महिलांचा खेळ असं सगळंच मोजलं जातं. विजेतेपद टीमचं असतं, हॉलमधली जागा मात्र एकट्याची. आयव्हरसन चार सीझन स्कोअरिंगमध्ये अव्वल होता, २००१चा एमव्हीपी होता. हॉरीची कारकिर्दीतली सरासरी मॅचमागे सात पॉइंट्स. आलं लक्षात?

आता एन्ट्रीचे दरवाजे बघू. खेळाडूला निवृत्तीनंतर काही सीझन थांबावं लागतं. मग अमेरिकेत नाव कमावलेल्यांची छाननी नऊ जणांची समिती करते. सात मतं मिळाली की तुम्ही फायनलिस्ट. पुढे २४ जणांची ऑनर्स कमिटी, तिथे १८ मतं हवीत. २०१६मध्ये शकील ओनील आणि आयव्हरसन याच दरवाज्यानं आले. जर्मनीचा डर्क नोवित्झ्कीही २०२३मध्ये इथूनच आला. म्हणजे पासपोर्टचा प्रश्नच नाही.

त्याच २०१६मध्ये चीनचा याओ मिंग मात्र दुसऱ्या दरवाज्यानं आला. त्याला इंटरनॅशनल कमिटीनं थेट निवडलं. दुखापतींमुळे त्याच्या वाट्याला एनबीएच्या जेमतेम ४८६ मॅचेस आल्या, शकीलच्या १,२०७! साहजिकच ‘कोट्यातून आला’ अशी कुजबुज होते.

मला ती पटत नाही. कारण ऑस्कर श्मिट!

ब्राझीलच्या या शूटरला १९८४मध्ये न्यू जर्सी नेट्सनं ड्राफ्टमध्ये निवडलं. न्यू जर्सीचं बोलावणं! आपल्याकडे पेढे वाटले असते. पण तेव्हा एनबीएत खेळणाऱ्याला देशाच्या टीमकडून खेळता येत नसे. हा नियम बदलला १९८९मध्ये. ऑस्करनं सरळ ‘नाही’ म्हटलं आणि तो ब्राझीलसाठी पाच ऑलिम्पिक खेळला. १९८७मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या फायनलमध्ये ब्राझीलनं अमेरिकेला तिच्याच घरात, इंडियानापोलिसमध्ये, १२०-११५ असं हरवलं. एकट्या ऑस्करचे ४६ पॉइंट्स! एनबीएची एकही मॅच न खेळता तो २०१३मध्ये हॉलमध्ये पोहोचला. त्याच्याही आधी, १९९२मध्ये, सोव्हिएत संघाचा सर्गेई बेलोव असाच आला होता. हॉलमधला तो पहिला परदेशी खेळाडू.

ही सिस्टीम परफेक्ट आहे असं मी म्हणत नाही. मत देणारे कोण, हेच जाहीर होत नाही. आयुष्यभराच्या कामाचा निकाल लावणाऱ्यांनी नाव लपवावं, हे मला खटकतं. गुप्त मतदान समजू शकते, पण गुप्त मतदार?

दुसरा दरवाजा मात्र राहायलाच हवा. तिथे ‘अमेरिकेत किती वर्षं काढलीस?’ असं कोणी विचारत नाही. ‘जिथे होतास तिथे काय केलंस?’ एवढंच विचारतात. आपल्या कित्येक घरांत, लग्नाच्या बैठकीतसुद्धा, अजून पहिलाच प्रश्न विचारला जातो. ऑस्करकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्याचं काही अडलं नाही.