भाजीमळ्यातील हातमोजे : निवड आणि वापर

गोदावरीकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळणकांडणाच्या कष्टांना त्यांनी अभंगात मानाचे स्थान दिले. आजही भाजीमळ्यातील खुरपणी व तोडणी बहुतांशी स्त्रियांच्याच हातून होते. भेंडीच्या बारीक लवेने बोटांना खाज सुटते, वांग्याच्या देठाचे काटे टोचतात. साधे हातमोजे हा त्रास पुष्कळ कमी करतात. मात्र ते हाताला मानवले नाहीत तर बांधावरच पडून राहतात.

कामानुसार हातमोजे निवडावेत. भेंडीच्या तोडणीसाठी घट्ट विणीचे सुती हातमोजे सोयीचे. ते घाम शोषतात व बोटे मोकळी राहतात. वांगी व काटेरी तण यांसाठी तळव्यावर रबराचा थर असलेले घ्यावेत. फवारणीसाठी मात्र सुती वा चामडी हातमोजे कदापि वापरू नयेत. त्यांत औषध मुरते व कातडीला लागून राहते. तेथे अस्तर नसलेले नायट्राइल रबराचे हातमोजेच हवेत, आणि ते काढण्यापूर्वी साबणाने धुवावेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, याचे विस्मरण होऊ नये.

माप घेताना अंगठा वगळून तळव्याचा घेर मोजावा. हातमोजे घालून मूठ सहज वळावी, चिमटीत बी धरता यावे. ग्रामपंचायतीने वा शाळेने परसबागेसाठी खरेदी करताना एकाच मोठ्या मापाचा गठ्ठा घेऊ नये. वापरणाऱ्यांच्या हातांची मापे आधी घ्यावीत. अन्यथा नोंदवहीत संख्या भरते, हात मात्र उघडेच राहतात.