भांडवलाचा शोध : कोणता पैसा किती दिवस थांबतो?

गावातून उद्योग : लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण धंद्याचा खर्च कागदावर मांडला. यंत्रं, शेड, वीजजोडणी, खेळतं भांडवल असं सगळं जुळवून एक आकडा हाती आला. आता हा पैसा आणायचा कुठून? भंडाऱ्यात हे कुणालाही विचारा, दोन उत्तरं ठरलेली. एक म्हणजे "इथं कोण देणार? पुण्या-मुंबईला जा." दुसरं, "बँकेत कोणी ओळखीचं आहे का?"

भंडाऱ्यात पैसा नाही, हे मात्र खरं नव्हे. तुमसरची धान-तांदळाची बाजारपेठ, जिल्हाभर पसरलेल्या राईस मिल, पितळी भांड्यांचा जुना व्यापार, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा ट्रकचा कारखाना, एवढं सगळं इथंच आहे. पण इथला पैसा व्याजानं जातो, गहाणावर जातो, नाहीतर जमिनीत जातो. हंगामापुरती उचल द्यायला अडत्या तयार असतो, कारण धान विकलं की रक्कम परत येणार हे त्यानं बापजाद्यांपासून पाहिलेलं असतं. धंद्यात हिस्सा घेऊन सात-आठ वर्षं थांबणं त्यानं पाहिलेलं नसतं.

तेव्हा पैसे देणारा शोधण्याआधी, आपल्या धंद्यात कोणता रुपया किती दिवस अडकणार हे ठरवा. तेवढे दिवस थांबू शकेल अशाच माणसाकडे किंवा संस्थेकडे तो रुपया मागायचा. बहुतेकांची फसगत इथंच होते. तीन महिन्यांच्या उधारीवर यंत्र घेतलं जातं, नाहीतर यंत्राच्या कर्जातून धान भरलं जातं.

समजा, मोहाडी तालुक्यात कुणाला धानापासून पोहे करण्याचा कारखाना टाकायचा आहे आणि एकूण खर्च 25 लाखांचा आहे. तिथं पैसा तीन ठिकाणी लागेल.

पहिलं ठिकाण यंत्रं आणि शेड. हा पैसा पाच-सात वर्षं अडकतो, म्हणून तो बँकेच्या मुदत कर्जातून यावा. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा, तर सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग अशा गटांना 35 टक्के. आपल्या 25 लाखांत सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराचे स्वतःचे अडीच लाख, बँकेचं कर्ज साडेबावीस लाख आणि अनुदान सव्वासहा लाख असा हिशेब बसतो.

यात एक मेख आहे. अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेतच ठेवीत राहतं. त्या ठेवीवर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनंतर कारखाना चालू दिसला की रक्कम कर्जात वळती होते. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, हेही लक्षात असू द्या. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि चौकशीसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे. "अनुदान काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. या योजनेत मध्यस्थाला जागाच नाही. खाद्यप्रक्रियेसाठी 2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनाही आहे. तिच्यात 35 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाखांचं अनुदान मिळतं. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून बघा आणि मग अर्ज करा.

"सातबारा आणा, बोजा चढवू" असं बँकेत ऐकायला मिळतं. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याहून मोठ्या कर्जासाठी 2000 साली स्थापन झालेल्या पतहमी निधीची हमी घेता येते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागणी आली की फाइल पुन्हा उघडली जाते, असा अनेकांचा अनुभव आहे.

दुसरं ठिकाण धान. खरिपाचं धान दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतं आणि पोहे वर्षभर विकायचे असतात. म्हणजे काही आठवड्यांत खरेदी आणि महिनोन्‌महिने वसुली. यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसीची मर्यादा मंजूर करून घ्या. जेवढी रक्कम वापराल तेवढ्यावरच व्याज. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवला तर त्या पावतीवरही कर्ज मिळतं. सगळ्यांत स्वस्त पैसा मात्र ग्राहकाचा. नागपूर इथून साठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या दोन घाऊक व्यापाऱ्यांनी मागणीबरोबर निम्मी रक्कम आगाऊ दिली तर तेवढ्यावर व्याजही नाही आणि हिस्साही द्यावा लागत नाही.

तिसरं ठिकाण नवं काही आजमावण्याचं. धान वाळवण्याचं नवं यंत्र किंवा टसरच्या विणकरांसाठी नवी विक्रीव्यवस्था, असं काही डोक्यात असेल तर ते चालेलच याची खात्री नसते. बँकेनं असा धोका घ्यावा ही अपेक्षाच चुकीची. त्यासाठी 2021 मध्ये केंद्राची स्टार्टअप सीड फंड योजना आली. इनक्युबेशन केंद्रामार्फत कल्पना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान, अशी तिची रचना. राज्याच्या नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर थेट सरकारी कामच मिळतं. महिलांसाठी 2024 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजना आली, तिच्यात 1 ते 25 लाखांपर्यंत अर्थसहाय्य आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची मुदत आणि अटी तपासून घ्या.

एवढं झालं की मगच हिस्सा विकून मिळणाऱ्या पैशाकडे वळा, कारण तो दिसायला फुकट आणि असायला सर्वांत महाग. मालेगावचे कमलेश घुमरे फवारणीची गाडी घेऊन 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या पर्वात गेले, ते आठवत असेल. त्यांनी 10 टक्क्यांसाठी 30 लाख मागितले होते. पीयूष बन्सल यांच्याशी ठरलेला सौदा वेगळाच निघाला : 10 लाख रुपये 40 टक्के हिश्शासाठी आणि 20 लाख बिनव्याजी कर्ज. मागणीप्रमाणे कंपनीची किंमत तीन कोटी होती, सौद्याप्रमाणे ती 25 लाखांवर आली. सौदा वाईट होता असं नव्हे. विक्री नसताना भावही असाच मिळतो.

दुसरं टोक नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीचं. विलास शिंदे यांच्या सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांची कंपनी आधी उभी केली, द्राक्षांची निर्यात वाढवली आणि 2022 मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदार संस्थांकडून 310 कोटी रुपये उभे केले. शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर कायद्यानं बाहेरच्यांना देता येत नाहीत. म्हणून ही गुंतवणूक प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत घेतली गेली. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी कंपन्यांनी ही रचना जरूर अभ्यासावी.

आपला पहिला भागीदार मात्र बहुधा जवळच सापडेल. ज्याला तुमचा माल कळतो, असा मिलमालक किंवा व्यापारी आधी गिऱ्हाईक होऊ द्या. वर्षभर तुमचा हिशेब पाहिला की हिश्शाची गोष्ट काढा. तोंडी शब्दावर पैसे घेऊ नका. हिस्सा द्यायचा तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा, पैसे बँकेतूनच घ्या आणि रक्कम आल्यापासून 60 दिवसांच्या आत शेअर द्या, नाहीतर ती परत करावी लागते. "व्याज देतो" म्हणून गावातल्या वीस जणांकडून रकमा गोळा करणं तर टाळाच. कायद्याच्या नजरेत त्या ठेवी ठरू शकतात. गुंतवणूकदारांच्या जास्तीच्या रकमेवरचा तथाकथित एंजल टॅक्स 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, ही एक अडचण कमी झाली.

या आठवड्याचा गृहपाठ : एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात खर्च, दुसऱ्यात तो पैसा किती महिने अडकणार, तिसऱ्यात तो कुणाकडे मागायचा. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच नाव आलं तर कागद पुन्हा लिहा. पुढच्या लेखांकात हाच कागद घेऊन बँक व्यवस्थापकासमोर बसू आणि तो प्रकल्प अहवालात नेमकं काय शोधतो ते पाहू.