पाळी जायची वेळ आली, म्हणून दुखणं अंगावर काढू नका



जाळी, बीज, बरफ आणि मच्छीचा भाव यावर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही अशा विषयावर लिहितो आहोत, जो सोसायटीच्या बैठकीत कधी निघत नाही, पण आपल्या ढीवर-केवट घरांमध्ये रोज असतो. तो म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी. कधी दोन-दोन महिने येत नाही, अन् आली की दहा दिवस थांबत नाही. लुगडं भिजते, गाठी पडतात, उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असते, "काही नाही जी, जायची वेळ आली."

लेख बायांसाठी आहेच, पण डोंग्याच्या मालकांनी आणि घरच्या माणसांनीही तो शेवटपर्यंत वाचावा. गळ्याएवढ्या पाण्यात नसली, तरी घोट्याएवढ्या पाण्यात मच्छी निवडताना किंवा भरली टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघताना बाईला चक्कर आली, तर ते एकट्या बाईचं दुखणं राहत नाही. घराचा धंदाच थांबतो.

असं होते काऊन?

आपल्या देशात बायांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी कायमची बंद होते. पण ती एका दिवसात बंद होत नाही. त्याआधीची काही वर्षं शरीर बदलत असते. तरुणपणी दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटते आणि पाळीचा हिशोब लागून राहतो. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. अशा महिन्यात गर्भपिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहते, पण त्याला आवरणारं संप्रेरक तयार होत नाही. अस्तर जाड होते आणि मग एकदम सुटते. म्हणून पाळी उशिरा येते, आणि आली की जोरात येते.

म्हणजे तारखा मागे-पुढे होणं या वयात स्वाभाविक आहे. पण बेसुमार रक्त जाणं हे "वयाचंच" म्हणून सोडून द्यायचं नाही. कारण प्रत्येक वेळी वयच कारण असते असं नाही. गर्भपिशवीतल्या गाठी, थायरॉइडचा बिघाड, आत बसवलेली तांबी, क्वचित कर्करोगसुद्धा असू शकतो. कधी कधी तर दिवस गेलेले असतात! पाळी अनियमित झाली म्हणजे मूल राहणारच नाही, असं समजू नका.

जास्त म्हणजे किती?

बाया म्हणतात, आम्हाला कसं कळणार जास्त कोणतं अन् कमी कोणतं. ही खूण धरा:

• पाळी ७-८ दिवसांच्या वर चालते
• २१ दिवसांच्या आतच पुन्हा येते
• रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात
• रात्री उठून कपडा बदलावा लागते, किंवा एकाला दोन घ्यावे लागतात
• मधल्या दिवसांत, किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त दिसते

यातलं एकही असलं, तर दवाखान्यात दाखवायचं. आणि तासा-तासाला पूर्ण कपडा भिजतो आहे, दम लागतो आहे, चक्कर येते आहे, असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाळी पूर्ण १२ महिने बंद राहून नंतर थोडंसंही रक्त दिसलं, तर "पुन्हा पाळी आली" म्हणून हसू नका. लगेच तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण साधं निघते, पण कर्करोग असला तर तो याच वेळी लवकर सापडतो.

घरी भिंतीवर कालनिर्णय असो की जबलपूरचं लाला रामस्वरूप, पाळी आली त्या तारखेला आणि थांबली त्या तारखेला पेनानं खूण करा. किती कपडे लागले, तेही लिहा. तीन महिन्यांची ही नोंद डॉक्टरच्या फार कामी येते. उधारीचा हिशोब आपण लिहून ठेवतो, हा तर आपल्या रक्ताचा हिशोब आहे.

रक्त जाते, ताकद जाते

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या जवळपास ५५ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच कमी, त्यात दर महिन्याला इतकं जाते. मग हात-पाय गळतात, छातीत धडधडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, बाई आळशी झाली. आळस नाही जी, हिमोग्लोबिन उतरलेलं असते.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ८ च्या खाली गेलं तर ते गंभीर. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. लोहाच्या गोळ्याही तिथंच मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या. शौचाला काळं होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

बालाघाटसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ते याच दुखण्यासाठी. सिकलसेलमुळे रक्त कमी असेल तर नुसत्या लोहाच्या गोळीनं काम भागत नाही. म्हणून हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणीही एकदा करून घ्या.

आणि खाण्याचं तर आपल्याच हातात आहे. घरात चांगली मच्छी बाजाराला जाते, उरलीसुरली माणसांच्या अन् पोरांच्या ताटात पडते, बाईच्या वाट्याला रस्सा येते. ही रीत बदला. मच्छीतलं लोह अंगी लवकर लागते, आणि सोबतच्या भाजी-वरणातलं लोहही मच्छीमुळे जास्त लागते. काट्यासकट खायची बारीक मच्छी असली तर हाडांसाठी कॅल्शियमही मिळते. तिचा भाव बाजारात कमी असेल, पण बाईच्या अंगासाठी ती महागाची आहे.

डोंग्याला भोक पडलं म्हणून डोंगा फोडत नाही

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, ती सांगतो. बाई दोन वर्षं दुखणं अंगावर काढते. मग एक दिवस असह्य होते आणि ती कुठंतरी जाते. तिथं कुणी म्हणते, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." घरचे घाबरतात, कर्ज काढतात आणि ऑपरेशन होऊन जाते. म्हणजे आधी काहीच करायचं नाही, आणि मग एकदम शेवटचंच करायचं.

महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना पाळीच्या दिवसातही सुटी नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायांना विचारलं, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात तरुण बायाही होत्या. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात आणि बिहार-राजस्थानातही अशा गरज नसलेल्या ऑपरेशनांची तक्रार सुप्रीम कोर्टात गेली. ५ एप्रिल २०२३ ला कोर्टानं सगळ्या राज्यांना हे रोखण्याचे नियम लागू करायला सांगितले.

पिशवी काढणं नेहमीच चूक, असं आम्ही म्हणत नाही. कर्करोग निघाला, गाठी फार मोठ्या असल्या, किंवा बाकी इलाज करूनही रक्त थांबलं नाही, तर ऑपरेशन करावंच लागते. पण त्याआधी पायऱ्या आहेत:

१. तपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, दिवस गेल्याची तपासणी, सोनोग्राफी. वय ४५ च्या वर असेल तर पिशवीच्या अस्तराचा लहान तुकडा काढून तपासतात. त्यातून कर्करोगाची शंका मिटते. तपासणीशिवाय कुणी "कॅन्सर होईल" म्हणत असेल, तर विश्वास ठेवू नका.

२. गोळ्या. पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या रक्त कमी करणाऱ्या गोळ्या असतात. अस्तर आवरणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या असतात. सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाची गोळी मिळते, ती लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आहे. ती पाळणा लांबवण्यासाठी देतात, पण त्यातलंच औषध जास्त रक्त जाण्यावरही वापरतात. यातली कोणतीही गोळी मेडिकलमधून मनानं आणू नका. पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, बीपी असेल, तर काही गोळ्या चालत नाहीत.

३. पिशवीत बसवायचं औषधी साधन. तांबीसारखंच दिसते, पण त्यात तांबं नसून संप्रेरक असते. रक्त जाणं खूप कमी होते आणि काही वर्षं काम भागते. (साध्या तांबीनं मात्र रक्त वाढू शकते.)

बऱ्याच बायांचं काम इथंच भागते. कारण पाळी पुढं बंद होणारच असते. काही महिने-वर्षं नीट निभवायची आहेत, एवढंच.

पिशवीसोबत अंडाशयही काढलं, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढते. म्हणून ऑपरेशन सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: आधी कोणता इलाज करून पाहता येईल? अस्तराची तपासणी केली का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आयुष्मान कार्डावर होते, पैसे लागत नाहीत, हे ऑपरेशन करण्याचं कारण होऊ शकत नाही.

सुरुवात गावच्या आशाताईपासून करा. पुढे बालाघाटचं जिल्हा रुग्णालय आहे. लांजी-किरनापूरकडच्या बाया गोंदियाला जातात, तिथं बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे.

डोंगेवाल्यांनो, सोसायटीवाल्यांनो

आता तुमच्यासाठी. मच्छीबाजारात बाई सकाळपासून दुपारपर्यंत बसते. कपडा बदलायला आडोसा नाही, पाणी नाही. ओला कपडा तासन् तास अंगाला राहिला की आग होते, खाज सुटते. बाजारात एक दार लागणारा संडास आणि पाण्याची टाकी, एवढी मागणी सोसायटीच्या ठरावात यायला हवी. पाळीच्या दिवसात बाईनं पाण्यात उतरायचं नाही म्हटलं, तर तिला काठावरचं काम द्या, वाटा कापू नका.

१६ जून ते १५ ऑगस्ट आपला बंद ऋतू. जाळी वाळत असतात, आपण ती तुणतो, डोंग्याला डांबर लावतो. यंदाच्या बंद ऋतूत घरच्या चाळिशीपुढच्या बाईला तपासणीला घेऊन चला. धंद्याचा एक दिवसही बुडत नाही. पण वर सांगितलेल्या खुणा आजच दिसत असतील, तर जूनची वाट पाहू नका, उद्याच निघा.

आणि बायांनो, "जायची वेळ आली" म्हणता ना, पाळी जाईल. तिच्यासोबत तुमची ताकद जायची गरज नाही. ही पोस्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवा. लाज वाटत असेल तर मोबाईल सासूच्या, जावेच्या, नवऱ्याच्या हातात द्या.